पावडर सांडली की आधी बादली उचलू नका: विषारी दाणेदार आणि भुकटी कीटकनाशकांबाबत या चुका टाळा

आपल्याकडे कीटकनाशकाला सगळे 'औषध' म्हणतात. निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. औषध सांडलं? मार झाडू, ओत बादलीभर पाणी, दे मोरीत लोटून. पातळ औषध सांडलं की उग्र वास येतो आणि माणूस आपोआप मागे सरतो. दाणे किंवा भुकटी मात्र साखरेसारखी गुमान पडून राहते, त्यामुळे भीतीच वाटत नाही.

पण ती गुमान पडून आहे हेच आपल्या पथ्यावर पडणारं आहे. कोरडं आहे तोवर विष एका जागी आहे. पाणी पडलं की ते फरशीच्या भेगांत जातं, तिथून गटारात आणि पुढे कुणाच्या तरी विहिरीत.

झाडू हीसुद्धा चूकच. खराट्याचा एक फटकारा आणि बारीक धूळ थेट नाकातोंडात. आधी पोरंबाळं, जनावरं आणि बघे बाजूला करा. निदान 25 मीटर तरी, तेही वारा जिकडून येतो त्या अंगाला. पंखा बंद करा. रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि धुळीचा नीट बसणारा मास्क घाला. नाकाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही, आणि चामड्याच्या चपला विष शोषतात, त्या मागाहून धुऊनही शुद्ध होत नाहीत. मग ढिगावर प्लॅस्टिकचा कागद अंथरा. एका कडेने तो थोडा थोडा गुंडाळत, उघडा पडेल तेवढाच भाग सुपलीत हळूच भरा. उरलेल्या धुळीवर किंचित ओलसर भुसा किंवा माती टाकून तीही उचला.

हा ओलसर भुसा एका मालाला अजिबात चालत नाही: धान्याच्या कोठीत ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, लोकांच्या तोंडी 'सल्फास'. 3 ग्रॅमची एक गोळी ओल लागली की साधारण 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हवेतला दमटपणासुद्धा तिला पुरतो. बंद खोलीत हा वायू माणूस मारतो, आणि साठला तर पेटतोही. वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा येतो, पण वास नाही म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. धुळीचा मास्क वायू अडवत नाही. त्यामुळे घरात या गोळ्या सांडल्या तर गोळा करत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, हाताशी असतील ती दारंखिडक्या उघडा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. उंदरासाठी वापरतात ते काळं झिंक फॉस्फाइडही याच जातीचं. त्यालाही पाणी नको, आणि ॲसिडचा तर स्पर्शही नको.

आता आग. इथे पाण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो, आणि त्याची किंमत काय होते ते युरोपने पाहिलं आहे. 1 नोव्हेंबर 1986 ला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीचं गोदाम पेटलं. आत 1,300 टनांहून अधिक रसायनं होती, बहुतेक कीटकनाशकं. अग्निशमन दलाने पाण्याचा मारा करून आग विझवली, पण ते विषारी पाणी ऱ्हाईन नदीत उतरलं. गोदामातल्या रंगाने नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. आग त्या रात्रीतच आटोक्यात आली होती. नदीचं दुखणं मात्र नंतर कितीतरी काळ पुरलं.

कृषी सेवा केंद्राच्या गोदामामागेही बहुधा नाला असतोच. म्हणून फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की आत कीटकनाशक आहे, आणि कोणतं ते. फॉस्फाइड असेल तर ते आवर्जून सांगा. आग अगदी लहान, म्हणजे एखाद्या खोक्याची असेल, तर ड्राय पावडरचं अग्निशामक किंवा कोरडी वाळू वापरा. पाण्याचा जोरदार फवारा ढिगावर मारलात तर पावडर उडून चौफेर पसरते. त्याहून मोठी आग तुमची नव्हे. सरळ बाहेर पडा, धुराच्या दिशेने कुणाला जाऊ देऊ नका. जमलं तर सुरक्षित अंतरावर, नाल्याच्या तोंडाशी मातीचा बांध घाला. मालाने भरलेला ट्रक पेटला असेल तर 800 मीटरपर्यंतची माणसं हलवावी लागतात, ते काम पोलिसांवर सोडा.

डब्यावरच्या त्रिकोणावरून आगीचा अंदाज बांधणं हीदेखील नेहमीची चूक. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग पोटात गेल्यावर किती विषारी ते सांगतात, पेटेल की नाही ते नाही. द्राक्षवाल्यांचं गंधक बघा. माणसाला फार विषारी नाही, पण त्याची धूळ ठिणगीने पेटते आणि धुराने श्वास कोंडतो. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचं पोतं भिजून तसंच ढिगात राहिलं तर आतल्या आत तापू शकतं.

गोळा केलेला माल परत पोत्यात भरून 'चालतंय की' म्हणत शेतात टाकू नका. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर तर 2020 संपताच बंदी आली, तरी जुन्या घरात त्याच्या पिशव्या अजून निघतात. त्या पेटवणं म्हणजे विषाचा धूर स्वतः करून घेणं. माल घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर नाव लिहा, कुलपात ठेवा आणि विक्रेत्याला किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याला कळवा.

पाणी ओतायचं ते माणसावर. अंगावर भुकटी उडाली तर आधी कोरडीच झटका, कपडे उतरवा, मग साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं धुवा. डोळ्यांत गेली तर नुसत्या पाण्याने तितकाच वेळ. पोटात गेली असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका, तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत कोंडल्यासारखं होणं यातलं काहीही दिसलं तर 108. काहींना त्रास काही तासांनी सुरू होतो, तेव्हा 'आता बरं वाटतंय' म्हणाला तरी दवाखान्यात न्याच. जाताना पिशवीवरच्या लेबलचा फोटो काढून न्या. फोरेटसारख्या विषावर ॲट्रोपिन हा उतारा चालतो, सल्फासवर उतारा नाही, आणि डॉक्टरांना हा फरक पहिल्या मिनिटाला कळायला हवा.