आपत्तीनंतर मनासाठी मदत: कधी, कुणाकडे, काय सांगून

पूर, भूकंप किंवा वादळानंतर पहिले काही दिवस झोप उडणं, दचकणं, सतत रडू येणं किंवा अजिबात रडू न येणं हा आजार नव्हे. तेव्हा निवारा, घरच्यांचा ठावठिकाणा आणि रात्रीची झोप यांची सोय आधी लावा. बहुतेकांचं मन त्यानेच हळूहळू थाऱ्यावर येतं. निवारा केंद्रात मानसिक प्रथमोपचार देणारे कार्यकर्ते असू शकतात. ते डॉक्टर असतीलच असं नाही. ऐकून घेणं आणि योग्य ठिकाणी जोडून देणं हे त्यांचं काम. मात्र ‘काय काय पाहिलं ते सगळं सांगा’ असा आग्रह कुणी धरला तर सरळ नाही म्हणा. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं उकरून काढण्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच वाढतो.

तीन बाबतींत मात्र थांबायचं नाही.

मानसिक आजाराच्या किंवा फिटच्या गोळ्या वाहून गेल्या असतील तर त्याच दिवशी वैद्यकीय पथक गाठा. त्या एकदम तुटल्या की जुना आजार उसळतो. फिटच्या आणि काही झोपेच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर झटके येऊ शकतात. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप किंवा प्रिस्क्रिप्शनचा मोबाइलमधला फोटो शोधा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटून हात थरथरणं, भास होणं सुरू झालं, तर तीही इमर्जन्सी. आणि कुणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका. हेल्पलाइन लावा, धोका समोर दिसत असेल तर थेट रुग्णालयात न्या.

महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, पावसाच्या आवाजाने छातीत धडधडत असेल, काम जमत नसेल, तर उपचार हवेत. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरपासून केली तरी चालते. इथेच एक गफलत होते: माणूस डोकेदुखी, पोटदुखी सांगतो, आपत्तीचं नावच काढत नाही आणि वेदनाशामक घेऊन परततो. म्हणून चार ओळी लिहूनच न्या: काय घडलं, कधीपासून त्रास आहे, झोप किती तास लागते, कोणतं काम अडलंय. समुपदेशकाला विचारा, ‘आघातावरची सीबीटी किंवा ईएमडीआर तुम्ही करता का?’ सीबीटी म्हणजे विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला मदत करणारा बोलून करायचा उपचार, तर ईएमडीआरमध्ये डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणी हाताळतात. साधारण 8 ते 12 बैठका लागतात. नुसत्या झोपेच्या गोळ्या हा त्यावरचा उपाय नाही.

लहान मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर रागावू नका. आठवडे उलटूनही थांबलं नाही तर दाखवा.

शिबिरं लवकर गुंडाळली जातात. पहिल्याच भेटीत केसपेपरची प्रत घ्या आणि पथक गेल्यावर कुठे, कुणाला भेटायचं ते त्यावरच लिहून घ्या.