शिल्लक रजेचे पैसे मिळतात का? ते राज्यावर ठरतं

डॅलसमधली पहिली नोकरी सोडली तेव्हा माझ्या खात्यात 88 तासांची रजा शिल्लक होती. भावाच्या लग्नाला निवांत महिनाभर घरी राहता यावं म्हणून दोन वर्षं एकेक दिवस राखून ठेवला होता. लग्न पुढे गेलं, मध्येच दुसरी नोकरी मिळाली आणि मी राजीनामा दिला. शेवटच्या पगारात त्या 88 तासांचा एक डॉलरही आला नाही. एचआरने हँडबुकमधली ओळ दाखवली: नोकरी सोडताना शिल्लक रजा रद्द होते.

पुण्याची कंपनी सोडताना फुल अँड फायनलमध्ये रजेचे पैसे आले होते. इथेही तसंच असणार, असं मी धरून चालले होते. पण अमेरिकेत भरपगारी रजा द्यायलाच हवी असा केंद्राचा कायदा खासगी कंपन्यांना लागू नाही. 1938 च्या कामगार कायद्यातही तशी तरतूद नाही. उरतं ते राज्य. टेक्सासमध्ये कंपनीने लेखी धोरणात कबूल केलं असेल तरच शिल्लक रजेचे पैसे मिळतात. माझ्या कंपनीने कबूल केलं नव्हतं.

नंतर मी सॅन होजेला आले. कॅलिफोर्नियात रजा ही कमावलेली मजुरी मानतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलं, की रजेचा हक्क कामाच्या प्रत्येक दिवसागणिक जमा होतो आणि जमा झालेला हक्क काढून घेता येत नाही. म्हणून ‘डिसेंबरपर्यंत वापरा, नाहीतर गेली’ हा नियम तिथे चालत नाही. नोकरी सुटली की शिल्लक रजेचे पैसे शेवटच्या पगाराच्या दराने द्यावे लागतात, मग ती रजा कमी पगारावर असताना साठलेली का असेना. कामावरून काढलं तर त्याच दिवशी. तुम्ही 72 तास आधी कळवून सोडलं तर शेवटच्या दिवशी, न कळवता सोडलं तर 72 तासांच्या आत. मुद्दाम उशीर केला तर उशिराच्या दर दिवसाला एक दिवसाचा पगार दंड, जास्तीत जास्त 30 दिवस.

माझ्या रूममेटला लेऑफ मिळाला तेव्हा कंपनीने रजेचे पैसे दिले नाहीत. व्हिसाच्या धास्तीने ती गप्प बसणार होती. आम्ही दोघींनी बसून एक साधा ईमेल लिहिला, त्यात कामगार संहितेचं कलम 227.3 नमूद केलं, आणि आठवड्यात पैसे आले. आले नसते तर लेबर कमिशनरकडे दावा करता आला असता. त्याला फी नाही, वकील लागत नाही आणि तिथे व्हिसाही विचारत नाहीत. नव्याने आलेल्या मुलामुलींना हे कुणीतरी पहिल्याच महिन्यात सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आजारपणाच्या रजेला हे संरक्षण नाही. ती वेगळ्या खात्यात असेल तर नोकरी सोडताना तिचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणून ताप आला तर तीच वापरा, सुट्टीची रजा खर्चू नका. ‘अमर्याद रजा’ देणाऱ्या कंपनीत बहुतेक वेळा काही साठतच नाही, त्यामुळे सोडताना हाती काही येत नाही. अशा ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा मागून घ्या.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला ईमेलने विचारा: रजा दर पगाराला किती जमा होते, पुढच्या वर्षात किती नेता येते, सोडताना पैसे मिळतात का. फोनवरचं उत्तर पुढे दाखवता येत नाही. घरून काम करणार असाल तर साधारणपणे तुम्ही जिथे बसून काम करता त्या राज्याचा कायदा लागतो, मुख्यालय कुठेही असो. आणि राजीनामा देण्याआधी पे-स्टबवरचा (म्हणजे पगाराच्या पावतीवरचा) रजेचा आकडा उतरवून ठेवा. नंतर पोर्टल बंद होतं.

कॅलिफोर्नियातही कंपनी कमाल मर्यादा घालू शकते. ती गाठली की नवी रजा जमा होणं थांबतं. माझ्याकडे ती 180 तास आहे. आकडा 160 वर गेला की मी पुण्याचं तिकीट काढते.