मोठी कुकरी घेताय? मग या चुका टाळा

पहिली कुकरी, म्हणजे नेपाळी वाकडा सुरा, मी काठमांडूच्या ठमेल बाजारात घेतली आणि दुकानातली सगळ्यात मोठी होती तीच उचलली, 12 इंची पातं, वजन जवळपास किलोभर, फोटोत एकदम भारी. गावी जळण फोडायला काढली तर दहा मिनिटांत मनगट भरून आलं! 10 इंची आणि 600-700 ग्रॅमची भरपूर झाली. आणि नुसतं वजन बघू नका, पाठीकडून बघा, मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेली असेल तर लोहाराने मेहनत घेतलीय, सगळीकडे सारखीच जाड म्हणजे पट्टी कापून आकार दिलाय बस्स. अंगखोला प्रकारात पात्याला लांब खोलगट पन्हळ असते, त्याने वजन कमी होतं. सिरुपाते प्रकार सडपातळ, झुडपं-फांद्यांना मस्त, पण ओंडका फोडायला नाही.

दुसरी चूक, ही तर मी बऱ्याच जणांची बघितलीय. पाठीवर कानस फिरवायची, ती लोखंड खाते असं दिसलं की फसवलं म्हणून बोंब मारायची. अरे बाबा, पाठ मऊच असायला हवी. नेपाळातले कामी, म्हणजे तिथले लोहार, गाडीच्या पाट्याच्या स्प्रिंगचं स्टील तापवून किटलीने फक्त धारेवर पाणी ओततात, म्हणून धार कडक होते आणि पाठ मऊ राहून दणका सोसते. कानस लावायचीच तर पात्याच्या फुगीर पोटाच्या धारेवर लावा, तिथे घसरली पाहिजे. कागद कापून दाखवतात त्याला काही अर्थ नाही, धार काय कुठल्याही पत्र्याला लावता येते.

मूठ हलवून बघा, खुळखुळ आली तर ठेवा परत. पात्याचं मुठीत जाणारं शेपूट बारीक आहे म्हणून लगेच नाक मुरडू नका, जुनी पद्धतच ती, लाहा नावाच्या चिकट राळेने बसवतात. फक्त उन्हात गाडीत ठेवली की लाहा मऊ पडते. शिंगाची मूठ कोरड्या हवेत तडकते, मी लाकडाचीच घेतो. नक्षी, चकचकीत पॉलिश, आणि धारेला मुठीजवळ असलेल्या छोट्या खाचेच्या दंतकथा, यांचे जास्तीचे पैसे देऊ नका. म्यानातले दोन छोटे, कर्दा (छोटी सुरी) आणि चकमक (धार नीट करायचं बोथट पातं), नीट बनवलेत का ते मात्र बघा, तिथेच कामचुकारपणा दिसतो.

आपल्याकडे शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या कुकरीचं नाव घेऊन उल्लेख आहे, घरकाम-शेतीची हत्यारं त्यातून वगळलीत, तरी एसटीत कमरेला लावून फिरू नका. विमानात केबिनमध्ये तर नाहीच.

पावसाळ्यात कातडी म्यानात ठेवून दिली की गंज ठरलेला. तेल लावा, म्यानाबाहेर ठेवा. आणि काढताना म्यान धारेच्या बाजूने मुठीत धरू नका, शिवण फाडून धार बाहेर येते, माझ्या तर्जनीवर तीन टाके आहेत त्याचेच.