रानातली अळंबी बाधली तर या चुका टाळा

मृगाचा पाऊस बसला, मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली की पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरउतारांवर अळंबी वर येते. वारुळाच्या अळंबीचं कालवण आमच्याकडं वर्षातनं एक-दोनदाच होतं. ती चव ज्याच्या जिभेवर आहे त्याला "खाऊच नका" म्हणून काय सांगणार? मी पाटण तालुक्यात सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली. त्यामुळं मला बोलायचंय ते अळंबी बाधल्यानंतरच्या तीन-चार दिवसांबद्दल. माणूस वाचणार की नाही, ते बहुतेक वेळा तिथं ठरतं.

"आता बरं वाटतंय, घरी नेतो"

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ती माझ्या हातून झालेली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

नोकरीचं पहिलं वर्ष, भातलावणीचे दिवस. साठीच्या एक आजी रात्री आठला बांधावरच्या अळंबीचं कालवण आणि भाकरी जेवल्या. सकाळी सातला उलट्या-जुलाब सुरू झाले. सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी आजी उठून बसल्या, चहा मागितला. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आई चांगली बोलतीया आता. लावण खोळंबलीया, घरी न्यू का?" मी सोडलं. चौथ्या दिवशी परत आणलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि त्या मुलाला ओळखत नव्हत्या. पुण्याला हलवलं. आजी गेल्या.

रात्री आठ ते सकाळी सात म्हणजे अकरा तास. तो आकडा माझ्यासमोर होता आणि मी तो वाचला नाही. अमानिटा जातीच्या काही छत्र्यांत आणि लेपिओटा कुळातल्या काही बारक्या, खवल्याखवल्यांच्या छत्र्यांत अमाटॉक्सिन हे विष असतं. ते पोटात गेल्यावर साधारण ६ ते २४ तास काहीच होत नाही. मग जोराच्या उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. ते ओसरले की एखादा दिवस माणूस अगदी ठणठणीत दिसतो. आतमध्ये मात्र यकृताच्या पेशींना नवीन प्रथिनं बनवता येत नसतात, कारण हे विष त्यासाठी लागणारं एन्झाइमच बंद पाडतं. शिवाय पित्तावाटे आतड्यात उतरलेलं विष परत रक्तात शोषलं जातं आणि पुन्हा यकृताकडं येतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ, रक्त न गोठणं, भ्रम.

म्हणून दोनच प्रश्न आधी विचारा: जेवण किती वाजता झालं आणि पहिली उलटी किती वाजता झाली? मध्ये सहा तासांहून जास्त गेले असतील तर ते अमाटॉक्सिन समजूनच चाला आणि रुग्णाला यकृताचे उपचार होतील अशा मोठ्या रुग्णालयात हलवा. पहिल्या दिवशीचा एसजीपीटी (यकृताला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून सुटका झाली असं नाही. तो आणि पीटी-आयएनआर (रक्त नीट गोठतंय का ते बघणारी तपासणी) पुन्हा पुन्हा बघावे लागतात.

उलटं मात्र धरू नका. तासा-दोन तासांत उलट्या लागल्या तर बहुधा पोटापुरताच त्रास असतो. गवताळ जागी उगवणारी, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेली आणि खालचे पडदे पुढं हिरवट होणारी मोठी छत्री हा उपद्रव हमखास करते. पण एकाच पातेल्यात दोन जाती पडल्या असतील, तर लवकर लागलेल्या उलट्यांच्या आड दुसरं विष लपून राहतं.

घरातले उपाय

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रक्तातलं सोडियम वाढून त्यानंच जीव गेलेला आहे. जुलाब बंद करणारी गोळी नको, विष आत अडकून राहतं. ताक, लिंबू, कच्चं अंडं यांतल्या कशानंही हे विष उतरत नाही. शुद्धीवर असेल आणि पोटात टिकत असेल तर घोटघोट ओआरएस द्या आणि १०८ ला फोन लावा. त्या पातेल्यातलं जे जे जेवले, त्यांना त्रास नसला तरी सगळ्यांना सोबत घ्या.

"लसूण काळी पडली नाही, म्हणजे चांगली"

कालवणात टाकलेली लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडतंय का बघणं, किड्यानं खाल्लेली बघून घेणं, यांतली एकही परीक्षा खरी नाही. अमाटॉक्सिन उकळून, वाळवून, पाणी फेकून जात नाही. वारुळाच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. उपटताना तो तुटला की ओळखीची मोठी खूण हातातनं गेली.

ॲट्रोपिन म्हणजे अळंबीवरचा उतारा, हा गैरसमज

शेतीच्या फवारणीची विषबाधा आपल्याकडं नेहमीची, त्यामुळं ॲट्रोपिन दवाखान्यात असतंच, आणि हात पटकन तिकडं जातो. अळंबीच्या बाबतीत ते फक्त मस्करिन या विषाच्या बाधेत कामाचं आहे: भरमसाट घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी, तेही खाल्ल्यावर दोनेक तासांच्या आत. १८६९ मध्ये मस्करिन पहिल्यांदा ज्या लाल टोपीच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या छत्रीतून काढलं, तिच्यात ते नावालाच असतं. तिचं खरं विष वेगळं आहे आणि तिथं ॲट्रोपिननं भ्रम वाढू शकतो.

औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना मी इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. धोतऱ्याच्या कुळातली झाडं हायोसायमिन, म्हणजे ॲट्रोपिनचं मूळ द्रव्य, बनवतात ते एकाच बाजूचं, डावं. ते काढताना त्यातलं अर्धं उलटतं आणि आरशातल्या प्रतिबिंबासारखा उजवा रेणू तयार होतो. या दोन्हींचं समसमान मिश्रण म्हणजे ॲट्रोपिन. काम जवळजवळ सगळं डावा रेणू करतो. म्हणून प्रयोगशाळेत वेगळं केलेलं डावं हायोसायमिन आणि ॲट्रोपिन यांचा मिलीग्रॅम एकसारखा धरणं ही डोसाची चूक आहे.

अमाटॉक्सिनवर असा सरळ उतारा नाही. भरपूर सलाईन, औषधी कोळशाचे (ॲक्टिव्हेटेड चारकोल) पुन्हा पुन्हा डोस, एन-ॲसिटिलसिस्टिन, मिळालं तर सिलिबिनिनचं इंजेक्शन, आणि काहीच चाललं नाही तर यकृत प्रत्यारोपण. सिलिबिनिन ज्या झाडातनं येतं त्याच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, पण त्या इंजेक्शनची जागा घेत नाहीत.

नमुना फेकून देणं

उरलेलं कालवण डब्यात ठेवा. रानातनं तशीच एक छत्री बुडख्यासकट खणून कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचा दोन तासांत लगदा होतो. टोपीचा वरून आणि खालून एकेक फोटो काढा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा टोल फ्री क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

आजींनंतर मी एक सवय लावून घेतली. अळंबीचा रुग्ण आला की केसपेपरवर सगळ्यांत वर, नावाच्याही आधी, दोन वेळा लाल पेनानं लिहायच्या: जेवण किती वाजता, पहिली उलटी किती वाजता. दवाखान्यात येताना तुम्हीही एवढं एका चिठ्ठीवर लिहून आणा.