गावच्या छोट्या धरणाचा वर्ग कसा समजून घ्यायचा आणि पावसाळ्याआधी काय बघायचं

आमच्याकडं लोक म्हणतात, धरण छोटंय, काय होतंय त्याला. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण पण छोटंच होतं, २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली, गळती होतेय असं गावकरी आधीपासून सांगत होते. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक घोळ सोडवा. धरणाचे वर्ग एक नाही, तीन प्रकारचे असतात. पहिला आकाराचा, म्हणजे उंची आणि साठा किती. दुसरा तब्येतीचा, तपासणीनंतर त्रुटींची श्रेणी देतात, श्रेणी १ म्हणजे धरण फुटू शकेल अशी गंभीर त्रुटी, २ म्हणजे लगेच दुरुस्ती लागणारी, ३ म्हणजे किरकोळ किंवा काहीच नाही. (इथं १ नंबर म्हणजे सगळ्यात वाईट, लोक उलटं समजतात.) तिसरा धोक्याचा, यात धरण कसं आहे ते बघतच नाहीत, फुटलं तर खाली किती माणसं, घरं, रस्ते सापडतील ते बघतात. म्हणजे धरण ठणठणीत असलं तरी खाली वाडी असेल तर धोका मोठाच. आणि धरण बांधल्यावर नाल्याकाठी नवी घरं झाली असतील तर जुना वर्ग धरून बसू नका, नव्यानं बघायला सांगा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मधल्यांना काही अटींवर, त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. १० मीटरच्या आतलं पाझर तलावासारखं काम यात येतच नाही, तिथं डोळे आपलेच. तुमचं धरण जिल्हा परिषदेचं, जलसंधारणचं की जलसंपदाचं ते ग्रामपंचायतीत विचारा आणि शेवटचा तपासणी अहवाल माहितीच्या अधिकारात मागा.

आता मे महिन्यात स्वतः चक्कर मारा. सांडवा, म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर जायची वाट, आधी बघा, झुडपं, गाळ, कुणी मासे धरायला लावलेला बांध, सगळं काढायला लावा, कारण मातीच्या धरणावरून पाणी गेलं की माती कापत जातं, मग काही हातात राहत नाही. माथ्यावर लांबलचक भेग किंवा खचलेली जागा आहे का, भरावावर मोठी झाडं, घुशींची बिळं आहेत का ते बघा. पायथ्याशी थोडं पाझरणं चालतं पण पाणी नितळ पाहिजे, दरवेळी एकाच जागेवरून मोबाईलनं फोटो काढा, तारीख दिसू द्या, अर्जाला तेच जोडा.

पायथ्याचं पाणी गढूळ झालं किंवा अचानक वाढलं तर आतली माती वाहतेय असं समजा, अर्ज वगैरे सोडा, लगेच १०७७ ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, फोन करा आणि साहेब येईपर्यंत न थांबता खालच्या लोकांना उठवा, नाल्याच्या कडेकडेनं पळू नका म्हणावं, आडवं उंचावर जा.