सुया, उपवास आणि शनिवारचा वर्ग: ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरेटमध्ये धर्मपालनाची सोय कशी लावायची

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका कॉलेजात मी ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांचं क्लिनिक बघते आणि त्यांचं वेळापत्रकही लावते. मूळची मी सोलापूरची, त्यामुळे महाराष्ट्रातून इथे येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात. आधी फीबद्दल विचारतात, मग व्हिसाबद्दल. फोन ठेवायच्या बेतात असताना हळूच तिसरा प्रश्न येतो: "मॅडम, आमच्या घरी चातुर्मास पाळतात. तिथे काढ्यात किडे असतात म्हणे. मला जमेल का?"

जमेल. पण ते आपोआप जमत नाही, त्याची तजवीज करावी लागते. ती कशी करायची हे विद्यार्थ्यांसाठी लिहिते आहे, आणि त्याहून जास्त शिकवणाऱ्यांसाठी, कारण वेळापत्रक त्यांच्या हातात असतं.

मी सगळे निर्णय तीन गोष्टींवर घासून बघते. तास कमी होत नाहीत, फक्त दिवस बदलतो. विषय वगळला जात नाही, पण प्रत्येक गोष्ट स्वतःच्या अंगावर करून घेऊन किंवा तोंडात घालूनच शिकली पाहिजे असंही नाही. आणि रुग्णाची सुरक्षितता कुणाच्याही व्रतासाठी सैल होत नाही, माझ्याही नाही.

आधी कॅलेंडर

कॅलिफोर्नियात परवान्यासाठीच्या शिक्षणाचे किमान ३,००० तास आहेत, त्यातले ९५० क्लिनिकचे. डॉक्टरेटचे किमान १,२०० तास त्यावर आणखी. हे विद्यार्थी बहुतेक स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून शिकतात, म्हणून वर्ग सहसा महिन्यातल्या एका लांब शनिवार-रविवारी ठेवतात. गाडी अडते ती इथे. शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू विद्यार्थिनीसाठी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत लिहिणं, गाडी चालवणं, विजेची उपकरणं वापरणं सगळं बंद. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती विद्यार्थ्याचाही शनिवारच. 'एखादा तास बुडला तर बुडू दे' असं म्हणून भागत नाही, कारण तो तास दर महिन्याला बुडणार असतो.

मी असं करते: हाताने करायचं सगळं, म्हणजे सुया लावणं, नाडी बघणं, इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर (सुयांना सौम्य वीज देणं), हे रविवारी आणि सोमवारी ठेवते. शनिवारी व्याख्यानं ठेवते आणि ती रेकॉर्ड करते. शनिवारी न येणारी व्यक्ती ती पुढच्या आठवड्यात बघते आणि त्यावर शिक्षकाशी तासभर समोरासमोर चर्चा करते. हजेरी त्या चर्चेवर लागते, नुसत्या व्हिडिओवर नाही. हिवाळ्यात शुक्रवारची दुपारची शिफ्टही तपासावी लागते. डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. पाचपर्यंतची शिफ्ट दिली तर शब्बाथ लागून जातो.

सणांच्या तारखा दर वर्षी नव्याने बघायच्या. ज्यू पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना असतो, त्यामुळे त्यांचे सण मागेपुढे सरकले तरी ऋतू सोडत नाहीत. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. अधिक मास समजलेल्या मराठी माणसाला हे एका वाक्यात कळतं, इथल्या सहकाऱ्यांना मात्र फळ्यावर मांडून दाखवावं लागतं. २०२६ चं उदाहरण घ्या. ज्यूंचं नववर्ष रोश हशाना ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतं, गणेश चतुर्थी १४ ला, आणि त्यांच्या उपवासाचा दिवस योम किप्पूर २० च्या संध्याकाळपासून. त्या दोन आठवड्यांत लेखी परीक्षा ठेवायची नाही, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलं तर कुणालाच अर्ज करावा लागत नाही. मला तीच व्यवस्था सगळ्यांत चांगली वाटते. ज्या सोयीसाठी कुणाला हात पसरावे लागतात ती अर्धीच सोय.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने इथल्या कर्मचाऱ्यांना धर्मपालनासाठी सवलत मागता येते, आणि २०२३ मध्ये ग्रॉफ विरुद्ध डिजॉय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकांना नकार देणं आणखी अवघड केलं. तो खटला रविवारी काम न करणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याचा होता. विद्यार्थी हा कर्मचारी नसतो, म्हणून त्याने कॉलेजची नियमपुस्तिका प्रवेशाआधीच वाचावी आणि त्यात काय लिहिलंय ते बघून घ्यावं.

उपाशी पोटी सुई

यावर मी जास्त वेळ घालवते, कारण इथे धर्म आणि वैद्यक थेट एकमेकांवर येतात. वर्गात विद्यार्थी एकमेकांनाच सुया लावतात. 'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाच्या 'सूवेन' भागातल्या ५२ व्या अध्यायात सुई कुणाला लावू नये याची यादी आहे. दारू चढलेल्याला, रागाने पेटलेल्याला, थकलेल्याला, नुकतंच जेवलेल्याला, फार भुकेल्याला, फार तहानलेल्याला, घाबरलेल्याला. रोज्याच्या दिवशी दुपारी तीन वाजता विद्यार्थी भुकेलाही असतो आणि तहानलेलाही. उकळलेल्या पाण्यावर अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, करणाऱ्या जैन मुलीचंही तेच. घेरी येण्याची शक्यता खरंच वाढते.

म्हणून रमजानमध्ये प्रात्यक्षिकं सकाळी पहिल्या तासाला घ्या, सहेरीला फार वेळ झालेला नसतो. उपवास असलेल्याने सुया लावाव्यात, लावून घेऊ नयेत. जोडीदार म्हणून तिसरा विद्यार्थी द्या. तरीही कुणी स्वतःहून लावून घ्यायला तयार असेल तर आडवं झोपवून, दोन-तीनच सुया, आणि हातावरच्या हेगू किंवा पावलावरच्या थायचोंगसारख्या जोरकस पॉइंटवर सुई फिरवत बसायचं नाही.

घेरी आलीच तर काय करायचं ते आधी बोलून ठेवा. सुया लगेच काढायच्या, पाय वर करून झोपवायचं, नाकाखालच्या रेनझोंग या पॉइंटवर दाब द्यायचा. एरवी आपण गोड गरम पाणी पाजतो. पण ते पाजलं की रोजा तुटतो, म्हणून तो निर्णय शुद्धीवर आल्यावर विद्यार्थ्याने घ्यायचा. लवकर शुद्ध आली नाही तर मात्र आपत्कालीन मदत लगेच बोलवायची, तिथे विचारणं नाही. हे सगळं वर्गासमोर नाही, एकट्याला बाजूला घेऊन विचारा.

'सुईने रोजा तुटतो का?' हे शिक्षकाने सांगायचंच नाही. नुसत्या सुईने तुटत नाही असं अनेक विद्वान म्हणतात. रक्त काढायच्या कपिंगबद्दल (त्वचेवर पेले लावून करतात ते) तर पंथापंथांत मतभेद आहे, हनबली परंपरेत त्याने रोजा मोडतो आणि हनफी परंपरेत मोडत नाही. विद्यार्थ्याने आपल्या इमामांना विचारावं, आणि तो येऊन सांगेल ते आपण मानावं.

काढ्याची पातेली

औषधांच्या वर्गात चव घेऊन शिकवण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीही आहे. जिभेला कळलेलं विसरत नाही. पण यादी बघा. अजियाओ म्हणजे गाढवाच्या कातड्याचं जिलेटिन. दीलोंग म्हणजे गांडूळ, छ्वानशिए म्हणजे विंचू, वूगोंग म्हणजे घोण, छानथुई म्हणजे सिकाडा किड्याची कात. काही मुळ्या दारूत भाजतात, काही मधात. मुसलमान, ज्यू, जैन, माळकरी, प्रत्येकाची अडचण वेगळ्या बरणीपाशी.

सत्राच्या आधी बरण्यांची यादी द्या आणि चार शिक्के करा: प्राणिज, दारूत भाजलेलं, मधातलं, कंदमूळ. ज्याला जे नको ते त्याने टिपून ठेवावं. चव न घेणाऱ्याने वास, रंग, पोत यांवर ओळख पटवून द्यायची, आणि प्राणिज पदार्थ हाताळायचाही नसेल तर बंद बरणीतून. पण गुण, मात्रा, धोके आणि कुठे वापरतात हे सगळं त्याने पाठच करायचं. परीक्षेत घोणीवर प्रश्न आला तर 'आमच्यात चालत नाही' हे उत्तर नाही.

जैन विद्यार्थिनीसाठी एक बारीक गोष्ट. घरी ओलं आलं चालत नाही, सुंठ चालते, म्हणून काढ्यातही सुंठच घालूया असं पटकन मनात येतं. पण चिनी वैद्यकात ही दोन औषधं आहेत. शंगजियांग, म्हणजे ओलं आलं, घाम आणतं आणि मळमळ थांबवतं, तर गानजियांग, म्हणजे सुंठ, पोटाला आतून ऊब देते. ग्वेइझीथांग या काढ्यात ओलंच आलं लागतं. शिवाय त्याच काढ्यात मधात भाजलेला ज्येष्ठमधही असतो. तो काढा तिने चाखू नये, पण रुग्णाला लिहून देताना आल्याच्या जागी सुंठ सरकवूही नये. उलट हीच मुलगी पुढे आपल्या जैन रुग्णाला सांगू शकेल की यात काय आहे, काय बदलता येतं आणि बदललं तर काय कमी होतं. माझ्या वर्गात अशा विद्यार्थ्यांमुळेच बाकीच्यांना रुग्णाला 'तुम्ही काय खात नाही?' हे विचारायची सवय लागली.

अंग, कपडा, कुंकू

पाठीवरच्या पॉइंटसाठी पाठ उघडी लागते, शानझोंग हा पॉइंट छातीच्या मधोमध आहे, आणि जांघांमधल्या ह्वेइयिनची जागा तर वर्गात कुणीच दाखवू नये, ती प्रतिकृतीवरच शिकवावी. स्त्रियांना स्त्री जोडीदार, पडदा, आणि लागेल तेवढाच भाग उघडा, हे सगळ्यांनाच द्या. धर्माचं नाव न घेताही अनेकांना ते हवं असतं. हिजाब घालणारीसाठी डोक्यावरच्या पॉइंटचा सराव वेगळ्या खोलीत, फक्त स्त्रियांमध्ये ठेवा.

यिनतांग हा पॉइंट भुवयांच्या मधोमध, बरोबर कुंकवाच्या जागी. स्पिरिटचा बोळा फिरवण्याआधी विचारा, टिकली तिची तिला काढू द्या. शीख विद्यार्थ्याचं कडं मनगटाच्या आतल्या बाजूच्या नेइग्वान या पॉइंटच्या आसपास येतं, ते वर सरकवून रुमालाने बांधता येतं. मनगटाला ओला गंडा असेल तर हात धुणं नीट होत नाही. मी तो दंडावर बांधायला सांगते आणि आजवर कुणाची हरकत आली नाही.

नमस्कार, छीगोंग आणि शवविच्छेदन

बऱ्याच कॉलेजांत सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ यांचं चित्र असतं, कुठे उदबत्तीही लावतात. आपल्याला त्यात काही खटकत नाही, पण ज्यू किंवा मुसलमान विद्यार्थ्याला चित्रापुढे वाकणं जमणारच नाही. वाकणं ऐच्छिक ठेवा आणि तसं मोठ्याने सांगा. नुसतं मनात ठेवलं तर विद्यार्थ्याला ते कळत नाही. छीगोंग हा चिनी व्यायाम फक्त हालचाल आणि श्वास म्हणून करू द्या, मंत्र किंवा देवतांचं ध्यान नको असेल तर नको. त्यामागची ताओवादी कल्पना काय आहे हे मात्र त्याने लिहून दाखवावं.

ज्यूंमधल्या कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या, घराण्यातल्या पुरुषाला मृतदेहाजवळ जाता येत नाही. शरीररचनेच्या प्रयोगशाळेत प्रेत असेल तर त्याला त्या छपराखालीही थांबायला नको असतं. त्याला संगणकावरचं त्रिमितीय शरीर आणि प्लास्टिकची प्रतिकृती द्या, परीक्षा तीच घ्या.

क्लिनिकमध्ये नमाज, आणि नकार कुठे

दुपारच्या जुहरच्या नमाजाला बराच मोठा अवधी असतो, सूर्यास्तानंतरच्या मगरिबला तेवढा नसतो. म्हणून दोन रुग्णांमधली जागा आधीच आखा. सुया लावलेल्या असताना विद्यार्थी खोली सोडून गेला तर मी त्याला थांबवते, कारण काहीही असो. जायचंच असेल तर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं, किती सुया लावल्या तो आकडा नोंदीत लिहून, आणि काढताना तो आकडा जुळला पाहिजे. नमाजाआधीच्या वजूसाठी पाय धुता येईल असा नळ दाखवून ठेवा.

एका विनंतीला मी नाही म्हणते: परक्या पुरुषावर किंवा परक्या स्त्रीवर उपचार करणारच नाही. सरावाच्या जोड्यांत मी हवं ते बदलते, पण क्लिनिकमध्ये येणारा रुग्ण रुग्णच असतो, आणि परवाना सगळ्यांवर उपचार करण्यासाठी मिळतो. हातमोजे घाला, सोबतीला तिसरी व्यक्ती ठेवा, दार किलकिलं ठेवा, हे सगळं मी देते. हे प्रवेशाच्या मुलाखतीतच सांगते, म्हणजे तिसऱ्या वर्षी कुणी अडकत नाही.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र पद्धतीचा दर्जा मिळाला, तिथेही आता रीतसर वर्ग भरतात. चतुर्थी, एकादशी, गुरुवार, रोजे, पर्युषण, एवढे उपवास असलेल्या वर्गात प्रात्यक्षिकाआधी 'आज कोण उपाशी आहे?' हा प्रश्न रोजचाच असायला हवा. आषाढीला पायी जाणाऱ्याला सलग रजा लागते, तिचे तास आधीच्या महिन्यात भरून घ्या.

विद्यार्थ्याने प्रवेश मिळाल्या आठवड्यातच प्रमुखांना लिहावं. इंग्रजीत, पण इतकंच साधं:

"मी अमुक धर्म पाळते. या वर्षी या तारखांना मी येऊ शकणार नाही: … . या पदार्थांची चव घेणार नाही: … . या दिवशी मला उपवास असेल, त्यामुळे सुया लावून घेणार नाही: … . बुडालेले तास या दिवशी भरून काढायला तयार आहे: … . यावर बोलायला पंधरा मिनिटं द्याल का?"

शेवटची तारखांची ओळ कोरी ठेवू नका. उत्तर लेखी मागा, आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तेच पत्र नव्या शिक्षकाला पुन्हा पाठवा, कारण क्लिनिकमधले सुपरवायझर बदलत राहतात.