आजोबांची जुनी गाडी जशीच्या तशी जपायचीय? मग या चुका टाळा

घरातली जुनी गाडी आपल्या ताब्यात आली की पहिलं काय डोक्यात येतं, तर हिला एकदम नवी करून टाकू. माझंही तेच झालं. बफिंग मशीन आणलं, एका दुपारी बॉनेट चकाचक करायला घेतलं आणि कडेला खालचा प्रायमर दिसायला लागला तेव्हा हात थांबला. आजोबा ज्या रंगावरून वर्षानुवर्षं फडकं फिरवायचे तो मी तासाभरात घालवला होता, आणि तो काही आता परत येत नाही.

तर चूक नंबर एक हीच, जोरात पॉलिश मारणं. बहुतेक जुन्या गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसतो, रंग हाच वरचा थर, त्यामुळे फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो आणि कडांवर तो मुळात पातळ असतो. सौम्य कार शाम्पू, भरपूर पाणी, मऊ कापड, वरून वॅक्स, बास. तेही आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात थोडंसं करून बघा. आणि पोचे काढायची घाई नको. मागच्या मडगार्डाचा पोचा माझ्या यादीत होता, मग काकांना सहज विचारलं तर कळलं की बाबा लहानपणी सायकल शिकताना तिथे धडकले होते, आता त्याला मी कुणाला हात लावू देत नाही. जुनाट दिसते म्हणून लाजायचं तर अजिबात कारण नाही, अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत 2024 मध्ये सर्वोत्कृष्ट ठरली ती 1934 ची बुगाटी टाइप 59, प्रिझर्व्हेशन गटातली, म्हणजे रिस्टोअर न करता जपलेली, आणि त्या गटातल्या गाडीला हा मान मिळायची ती पहिलीच वेळ.

दुसरी चूक जास्त महागात पडते. अनेक वर्षं उभी असलेली गाडी, सगळे जमलेत, बॅटरी लावली आणि मारला स्टार्टर! असं करू नका हो. सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडा, एकदोन दिवस मुरू द्या, मग क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनच्या पुढच्या, पट्टा बसतो त्या चाकाच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू फिरवा, अडलं तर जोर न करता परत ऑइल सोडून थांबा. इंजिन ऑइल बदला. मोकळं फिरायला लागलं की इग्निशनची वायर काढून ठेवून प्लगशिवाय स्टार्टर थोडा थोडा फिरवा म्हणजे ऑइल वरपर्यंत चढतं. बॅटरी लावण्याआधी गाडी 6 व्होल्टची की 12 ची ते बघा, आणि काही जुन्या गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं, सवयीने निगेटिव्ह लावलं तर गडबड होते.

टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाका, त्याचा चिकट राळेसारखा थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, बसतो. गाडी सुरू होते, थोडी चालते, बंद पडते, परत थोड्या वेळाने सुरू होते, असं होत असेल तर बहुधा टाकीतला गंज फिल्टरमध्ये अडकतोय, नुसता कार्बोरेटर साफ करत बसू नका.

आता उलटी चूक, ओरिजिनल ठेवायचं म्हणून सगळंच जुनं ठेवणं. इथे मी अजिबात भावुक होत नाही. टायर, ब्रेकचे रबर पाइप, पेट्रोलचे पाइप, हे बदलायचेच. टायरची नक्षी छान दिसते पण रबर वयाने कडक होतं, बाजूला चिरा पडतात. 2000 नंतरच्या टायरवर डॉट कोडच्या (बाजूला DOT ने सुरू होणाऱ्या नंबराच्या) शेवटी चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आतून सिलिंडर गंजतात, आणि जुन्या बऱ्याच गाड्यांना ब्रेकचं सर्किट एकच असतं, एका चाकाकडे गळलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. पाय काढल्यावरही एखादं चाक धरूनच राहत असेल तर त्याचा रबर पाइप आतून फुगलेला आहे का बघा, बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर जुने रबर पाइप लवकर खराब होतात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळलं तर गाडीच जाईल.

खालचा पत्रा गंजून कुजला असेल, खास करून सीट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तिथे, तर वेल्डिंग करून घ्या. वरवरचा गंज राहू दे, त्यावर वॅक्स पुरे.

दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं, हेही टाळा. इंजिन पूर्ण गरमच होत नाही, पाण्याची वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठते. महिन्यातून एकदा नीट अर्धा तास चालवा. प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत ओल कोंडते, हवा खेळेल असं कापडी घ्या. आणि बरेच दिवस उभी करताना हँडब्रेक ओढू नका, ब्रेक शू ड्रमला चिकटतात, चाकाला लाकडी ठोकळा लावा.

काढलेला पार्ट भंगारात टाकू नका, पिशवीत घालून चिठ्ठी लावा, कुठला, कधी काढला. टूलकिट, जादा चावी, जुनी बिलं एकाच पेटीत ठेवा आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर कागदांशी जुळतात का तेही आत्ताच तपासा, ज्यांना गाडीचं सगळं माहितीय ती घरातली मोठी माणसं आहेत तोवर.